नवतप्यातही बसता येईल आणि पुरातही कामी येईल अशी बाग नागपुरात कशी करायची

तुमच्या ले-आऊटच्या ओपन स्पेसवर बाग होणार असेल किंवा जुन्या बागेच्या सौंदर्यीकरणाला मंजुरी मिळाली असेल तर काम सुरू व्हायच्या आधी हे वाचा, कारण एकदा काँक्रीट पडलं की ते काढायला नंतर कोणी पैसे देत नाही. नागपुरातल्या बहुतेक बागा सकाळी सहाला फिरायला येणाऱ्या माणसाचा विचार करून बनतात, ट्रॅक, लॉन, एक कारंजं, ग्रीन जिम, रंगवलेली कंपाउंड वॉल, झालं. पण या शहराचे हाल होतात ते दोन वेळेला. एक म्हणजे मे महिन्यातली दुपार, त्यातही नवतपा म्हणजे मेअखेरचे ते नऊ सगळ्यात तापलेले दिवस, 45 च्या वर पारा आणि रात्रीसुद्धा भिंती गरम. आणि दुसरी म्हणजे पावसाळ्यातली ती एखादी रात्र. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट कोणी विसरलं नसेल, काही तासांत 100 मिमीच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनीत शिरली आणि लोक झोपेतून उठून गच्चीवर गेले. बाग या दोन वेळांसाठी डिझाईन करा. डिसेंबरच्या सकाळी फिरणाऱ्याला काही कमी पडत नाही, त्याची काळजी करू नका.

माझं म्हणणं थोडक्यात एवढंच की वर सावली पाहिजे आणि खाली जमीन खोल पाहिजे. बाकी सगळं यातूनच निघतं.

आधी जागा बघा

आर्किटेक्टचं थ्रीडी चित्र बघायच्या आधी स्वतः जागेवर जा, एकदा उन्हाळ्यात दुपारी 2 ते 4 मधे आणि एकदा जोरदार पाऊस सुरू असताना छत्री घेऊन. दुपारी जाताना इन्फ्रारेड थर्मामीटरची गन मिळाली तर सोबत घ्या, पण कोविडमधे कपाळाला लावायची ती नको, ती साधारण 42-43 च्या पुढे दाखवतच नाही, कारखान्यात किंवा एसीवाल्याकडे असते ती घ्या. मग उन्हातला पेव्हर ब्लॉक, मुलांच्या झोपाळ्याखालचा काळा रबर मॅट, ग्रॅनाइटचा बाक आणि कडुनिंबाखालची माती, चारही ठिकाणी मोजा आणि फोटो काढून ठेवा. पेव्हर ब्लॉक 60 च्या आसपास जातो, रबर आणि प्लास्टिकचं नकली गवत त्याच्याही वर. मीटिंगमधे तासभर बोलून जे पटत नाही ते या चार फोटोंनी पटतं.

पावसात काय बघायचं तर पाणी कुठून येतं आणि कुठे जातं. नागपूरचा उतार साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे, नाग नदी लाव्याच्या टेकड्यांकडून निघते आणि शहराच्या मधून पूर्वेला जाते, त्यामुळे पूर्व नागपुरातल्या सखल ले-आऊटला वरचं पाणी येणारच हे धरून चाला. त्यात आता सिमेंट रोड झालेत आणि कित्येक ठिकाणी रस्ता घराच्या जोत्यापेक्षा उंच झालाय. म्हणून लेव्हल घ्या. सर्वेअर नसेल तर गवंडी वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी पुरते, रस्ता, बागेचं गेट, बागेचा मधला भाग आणि सगळ्यात जवळचा नाला किंवा पावसाळी गटार, एवढ्यांची लेव्हल कागदावर आली की अर्धं डिझाईन तिथेच झालं.

तिसरी गोष्ट माती. आपल्याकडे खूप ठिकाणी वर काळी माती आणि खाली मुरूम. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगांमधून पहिला पाऊस भसाभस आत जातो, पण एकदा भिजून फुगली की पाणी मुरणं जवळपास थांबतं. त्यामुळे पुण्या-मुंबईचं किंवा परदेशातलं रेन गार्डनचं, म्हणजे पावसाचं पाणी मुरवणाऱ्या खोलगट बागेचं डिझाईन जसंच्या तसं आणलं तर इथे डबकं होतं. दोन-तीन ठिकाणी तीन फूट खोल खड्डे करा, पाण्याने भरा, ते मुरू द्या, परत भरा आणि मग घड्याळ लावून बघा की एका तासात पाणी किती उतरलं. मुरूम किती फुटावर लागतो तेही याच खड्ड्यांत कळतं, आणि तो आकडा पुढे लागणार आहे.

जमीन खोल ठेवा

आपल्याकडे बाग करायची म्हणजे आधी पाच-पन्नास ट्रक मुरूम टाकून जागा उंच करायची, मग भोवती पक्की भिंत. याचा अर्थ बागेत पडलेलं पाणीही रस्त्यावर आणि रस्त्याचं पाणी लोकांच्या घरात. उलटं करा. आजूबाजूच्या जागेपेक्षा बाग खाली असू द्या आणि भिंतीऐवजी जाळी लावा, किंवा भिंत असेलच तर तिला जमिनीलगत ठिकठिकाणी खिडक्या सोडा, रस्त्याचं पाणी आत येऊ शकलं पाहिजे.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. एक एकर म्हणजे साधारण 4000 चौरस मीटर, त्यावर 100 मिमी पडला की 4 लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे 40 टँकर. आता त्या एकराचा तिसरा हिस्सा फक्त 20 सेंटीमीटर, म्हणजे वीतभर खोल केला तर तिथे अडीच लाख लिटरच्या वर पाणी काही तास थांबतं. पूर येतो तो सगळ्यांचं पाणी एकाच वेळेला नाल्यात गेल्यामुळे, आणि प्रत्येक ले-आऊटच्या बागेने आपलं पाणी चार-सहा तास धरून ठेवलं तरी खालच्या वस्तीला केवढा फरक पडेल. वीतभर खोल आणि कडा उताराच्या असल्या की कोरड्या दिवसात तिथे पोरं क्रिकेट खेळतात, तान्हा पोळा भरतो, कोणाला जाणवतही नाही की हे मैदान मुद्दाम खोल केलंय. म्हणून मैदान आणि पाणी थांबायची जागा एकच ठेवा, वेगळं तळं करायच्या भानगडीत पडू नका, दहा-वीस हजार फुटांच्या बागेत वेगळ्या तळ्याचा मेंटेनन्स होत नाही आणि शेवटी त्यात कचरा साचतो.

आता डासांचा प्रश्न कोणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच पाहिजे, डेंग्यू दरवर्षी असतो. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून पाणी दोन, फार तर तीन दिवसांत मुरलं किंवा निघून गेलं तर त्या पाण्यात डास तयार होत नाहीत. काळ्या मातीत ते आपोआप होणार नाही. मैदानाच्या सगळ्यात खालच्या कडेला तीन फूट रुंद लांब चर खणा, काळी माती पार करून मुरमापर्यंत, मग खाली बोल्डर, त्यावर मोठी गिट्टी, मग बारीक गिट्टी आणि वर रेतीचा थर. आणि मुरण्यावर सगळा भरवसा ठेवू नका, चराच्या वरच्या बाजूला एक ओव्हरफ्लो पाइप पावसाळी गटाराला जोडा आणि तळाला एक छोटा पाइप व्हॉल्व्ह लावून ठेवा, तीन दिवसांनी पाणी राहिलंच तर माळी तो उघडेल. रेतीवर गाळ बसतो, दर मे महिन्यात वरची दोन-तीन इंच रेती काढून धुवून परत टाकावी लागते, हे काम कोणाचं ते आधीच लिहून घ्या.

चराच्या उतारावर वाळा लावा, ज्याच्या ताट्या आपण कूलरला लावतो तोच. मुळं खोल जातात, माती धरून ठेवतात, चार दिवस पाण्यात राहिला तरी मरत नाही आणि मे महिन्यात कोरडा पडला तरी पावसात परत उठतो.

जुन्या नागपुरातल्या कितीतरी बागांमधे विहीर असते, बुजवून त्यावर गजीबो बांधू नका. गाळ काढा, वर जाळी बसवा आणि बागेतलं स्वच्छ पाणी फिल्टरमधून तिच्यात सोडा. रस्त्याचं पाणी मात्र विहिरीत अजिबात नाही, त्यात ऑइल आणि गटार दोन्ही असतं.

नदी-नाल्याच्या काठची बाग असेल तर काठाला पक्कं बांधकाम नकोच, ना स्टेज, ना फूड स्टॉल, ना पुतळा. पाणी कधीतरी येणार, त्याला जायला रस्ता पाहिजे. लाइटचं फीडर पिलर (विजेची पेटी) आणि पंपाचं पॅनल पुराच्या खुणेच्या वर, किमान चार फुटांच्या जोत्यावर घ्या, कारण पाणी साचलेल्या बागेत करंट उतरणं हा सगळ्यात मोठा धोका असतो आणि तो इस्टिमेटमधे कोणीच लिहीत नाही.

मे महिन्यात कोणाला पानं असतात

झाडं निवडताना नर्सरीवाला फुलांचे फोटो दाखवेल. तुम्ही एकच प्रश्न विचारा, मे महिन्यात याला पानं असतात का? बहावा एप्रिल-मे मधे पिवळाधमक फुलतो, डोळ्याला इतका गार वाटतो, पण तेव्हा त्याला पानं जवळपास नसतात, खाली बाक टाकला तर माणूस उन्हातच. साग तर पाऊस येईपर्यंत बोडका. गुलमोहराचंही बरंचसं तसंच आणि वरून तो वादळात फांद्या टाकतो, पेल्टोफोरम म्हणजे पिवळा गुलमोहर तर त्याहून जास्त. ही झाडं लावूच नका असं मी म्हणत नाही, बहावा, पळस, तामण, कांचन हवेतच, पक्ष्यांना आणि मधमाश्यांना हवेत, पण ती कडेला, बसायच्या जागेवर नाही.

बसायच्या जागेवर कडुनिंब, करंज, पिंपळ, वड, चिंच, जांभूळ. कडुनिंब आणि करंज उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकतात आणि एप्रिल संपेपर्यंत परत भरगच्च होतात, म्हणजे आपल्याला पाहिजे तेव्हा सावली तयार. त्यातही करंजाची सावली मला सगळ्यात जास्त आवडते, दाट असते, खाली उतरलेली असते आणि झाड लवकर मोठं होतं. मोहाला एप्रिल-मे मधे तांबूस पालवी येते आणि विदर्भाच्या बागेत मोह नाही हे मला खरंच पटत नाही, पण तो सावकाश वाढतो, पुढच्या पिढीसाठी एक-दोन लावा. बकुळही सावकाश, पण बारा महिने हिरवी.

आता हे मघाच्या खोल मैदानाशी जोडा. कडुनिंबाला मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, त्याला उंच बाजूला ठेवा. अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर ही नदीकाठची झाडं, खोल भागाच्या कडेला तीच लावा. हे उलटं झालं तर दोन पावसाळ्यांत कडुनिंब वाळतात आणि मग लोक म्हणतात इथली मातीच खराब आहे.

कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका, गुजरात सरकारने 2023 मधे त्याच्या लागवडीवर बंदी घातली. तो उंच सरळ खोटा अशोक भिंतीलगत रांगेत छान दिसतो पण सावली देत नाही. मियावाकी पद्धतीचं दाट जंगल एखाद्या कोपऱ्यात, रस्त्याच्या धुळीकडच्या बाजूला चांगलं, पण पूर्ण बागेत तेच केलं तर माणसाला आत बसायला जागाच उरत नाही.

झाड कुठे लावायचं यालाही हिशोब आहे. 26 मे च्या आसपास नागपुरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखालीच पडते, आणि नवतपा 25 मे ला लागतो. म्हणजे भर दुपारी सावली फक्त झाडाच्या खाली, शेजारी नाही. आणि 3 ते 6 मधे ऊन पश्चिमेकडून आडवं येतं. म्हणून बाक झाडाच्या बुंध्यापासून थोडा पूर्वेला, म्हणजे दुपारभर फांद्यांखाली आणि संध्याकाळी खोडाच्या व घेराच्या सावलीत. बागेच्या पूर्ण पश्चिम कडेला मोठ्या झाडांची दुहेरी रांग पाहिजेच. वड-पिंपळ सोडून बाकी मोठ्या झाडांत आठ-दहा मीटर अंतर ठेवलं की पुढे जाऊन फांद्या एकमेकांना लागतात आणि खाली सलग सावली मिळते.

लावणी दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जूनच्या शेवटी किंवा जुलैत. खड्डा तीन बाय तीन बाय तीन फुटांचा, काळी माती असेल तर त्यात मुरूम आणि शेणखत मिसळा, आणि रोप सहा-आठ फुटांचं घ्या, दीड फुटाची काडी लावली तर बकऱ्या आणि क्रिकेटवाली पोरं मिळून ती संपवतात. आळं मोठं करा, त्यात पालापाचोळा पसरा. पालापाचोळा जाळणं पूर्ण बंद, तोच मातीचा गारवा.

आणि आहेत ती झाडं वाचवा, एका जुन्या चिंचेची सावली शंभर रोपं वीस वर्षं देऊ शकत नाहीत. राज्याच्या वृक्ष कायद्यात 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरचं झाड हेरिटेज मानलं जातं, तेव्हा ले-आऊटमधल्या मोठ्या झाडांची यादी करून उद्यान विभागाला लेखी द्या. बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर आला असेल तर काढायला लावा, राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मधेच दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी सोडायला सांगितलंय. वादळात झाड पडतं तेव्हा जाऊन मुळं बघा, बहुतेक वेळा एका बाजूची मुळं रस्त्याच्या कामात कापलेली असतात आणि दुसऱ्या बाजूच्या फांद्या वायरसाठी.

झाडं मोठी होईपर्यंत काय

सहा-आठ वर्षं लागतात, तोवर लोकांनी उन्हात बसायचं का? उन्हाळ्यात सिग्नलवर हिरवी नेट लावतात तशीच बागेत बाकांवर लावा, मार्चमधे लावायची आणि पाऊस येण्याआधी काढायची म्हणजे वादळात फाटत नाही. त्याहून चांगलं म्हणजे बांबूचा मांडव आणि त्यावर मधुमालतीसारखा वेल, दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत बरीच सावली येते. टिनाचं शेड मात्र नको, दुपारी ते खाली बसलेल्याच्या डोक्यावर उष्णता फेकतं. असेलच आधीचं तर वरून पांढरा रंग मारा.

मिस्ट फॅन, तुषार वगैरेबद्दल विचारतात लोक. मे महिन्यात हवा कोरडी असते तेव्हा कूलरसारखंच ते काम करतं, पण नोझल चुन्याने भरतात आणि जुलैच्या दमट हवेत काहीच उपयोग नाही. तेवढे पैसे झाडांच्या पाण्याला द्या.

पायाखालचं

ट्रॅक पेव्हरचा नको. मुरमावर गिट्टीची चुरी टाकून रोलर फिरवला की चालायला मऊ, पाणी थोडं मुरतं, दुरुस्ती स्वस्त. काळ्या मातीवर नीट मुरमाचा थर न देता टाकलेले पेव्हर दोन वर्षांत लाटांसारखे वरखाली होतात आणि म्हातारी माणसं त्यातच अडखळतात. व्हीलचेअर आणि काठीवाल्यांसाठी गेटपासून सावलीच्या बाकांपर्यंत चार फुटांची एक कडक, सपाट वाट मात्र करा, ती फिकट रंगाची असू द्या.

मुलांच्या भागात रबर टाइल्सऐवजी रेती. घसरगुंडी आणि ग्रीन जिमची मशिनं आधी जागा ठरवून उघड्यावर बसवतात आणि मग मार्चपासून सकाळी दहानंतर त्यांना हात लावता येत नाही, ती झाडाखालीच बसवा. बाक ग्रॅनाइट किंवा स्टीलचे नको, लाकडी पट्ट्यांचे चालतील.

लॉनबद्दल सरळ सांगतो. उन्हाळ्यात एका चौरस मीटरला रोज पाचेक लिटर धरा, एकराच्या लॉनला रोज 20 हजार लिटर, म्हणजे दोन टँकर, आणि त्याच महिन्यात शेजारच्या वस्तीत नळाला पाणी नाही. लॉन पाहिजे तर छोटा तुकडा ठेवा, बाकी साधी हरळी. उन्हाळ्यात ती पिवळी पडेल, पडू द्या, पहिल्या पावसात परत हिरवी होते. भांडेवाडीला शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी पाइपलाइनने कोराडीच्या वीज केंद्राला जातं, म्हणजे वापरलेलं पाणी परत वापरणं हे नागपूरला नवीन नाही. जवळच्या मोठ्या सोसायटीत एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) असेल तर तिचं पाणी झाडांसाठी मागा, ते बहुतेक वेळा नाल्यातच सोडलं जातं.

माणसं

नागपुरात 2016 पासून हीट ॲक्शन प्लॅन आहे आणि उन्हाळ्यात बागा दुपारी उघड्या ठेवायच्या सूचना निघतात, तरी कितीतरी गेटांना 11 ते 4 कुलूप दिसतं. ज्याच्या घरी कूलर आहे तो तसाही दुपारी बागेत येत नाही. येतो तो ई-रिक्षावाला, डिलिव्हरीचा पोरगा, सफाई कामगार, हातगाडीवाली बाई, मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत पेशंट भरती असलेले गावाकडचे नातेवाईक. त्यांच्यासाठी ही बाग म्हणजे जीव वाचायची जागा आहे, म्हणून गेट उघडं आणि "येथे झोपू नये" ची पाटी काढलेली पाहिजे. गेटजवळच, आत न येताही घेता येईल असं प्यायचं पाणी, माठ असले तरी चालतील पण रोज धुतलेले. आणि बायकांसाठी चालू स्थितीतलं संडास, कारण ते नसलं की बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि उन्हाचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होतो. उन्हाळ्यात रात्री अकरापर्यंत बाग चालू ठेवा, घरं तापलेली असतात, लहान मुलांना घेऊन लोक बाहेर पडतात, त्यासाठी खांब कमी उंचीचे आणि उजेड झाडाच्या खाली पडणारा हवा, झाडाच्या वर लावलेला हायमास्ट फक्त शेंड्याला उजेड देतो.

कागदावर काय घ्यायचं

निधी नगरसेवकाचा असो, आमदाराचा असो की महापालिकेचा, इस्टिमेट मागून घ्या आणि त्यात चार गोष्टी शोधा. मैदानाची लेव्हल रस्त्यापेक्षा किती खाली ते आकड्यात लिहिलंय का. काँक्रीट, पेव्हर धरून पक्का भाग किती, माझ्या मते पाचव्या हिस्स्याच्या वर जाऊ देऊ नका. मुरायच्या चराचं ड्रॉइंग आहे का. आणि झाडांना तीन उन्हाळे पाणी घालायचं काम त्याच कंत्राटात आहे का, मेलेलं रोप बदलून देण्यासकट. ही शेवटची ओळ नसेल तर बाकी सगळं असूनही अडा, कारण उद्घाटन साधारण हिवाळ्यात होतं आणि रोपं मरतात मे मधे, तेव्हा कंत्राटदाराचं बिल निघून गेलेलं असतं. काही पैसे तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, जगलेली झाडं मोजूनच द्यायचे अशी अट घाला, आणि मोजायला ले-आऊटची समिती सोबत असेल हेही त्यातच लिहून घ्या.